एका माणसासाठी तासभर गाणी

गाण्यांची यादी करायला बसलात की आधी गाणी निवडू नका, माणूस निवडा. 'माझी आवडती गाणी' अशा नावाची यादी कुणी पुरी ऐकत नाही, कारण ती कुणासाठी केलेलीच नसते. शंभर गाण्यांनी भरलेला पेन ड्राइव्ह हातात ठेवणं ही भेट नव्हे. एका ओळखीच्या माणसासाठी, त्याच्या कानाचा विचार करून लावलेलं तासाभराचं गाणं ही भेट.

आमचा गोव्यातल्या फोंड्याचा गट लहान आहे. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. कदंबच्या, म्हणजे गोवा सरकारच्या, बसवरचा कंडक्टर आहे. बरीच वर्षं बोटीवर नोकरी करून आता सासष्टीतल्या राय गावी घरी असलेला, तियात्रांचा, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोंकणी नाटकांचा, वेडा मित्र आहे. डिचोलीची शिक्षिका मैत्रीण, कॉलेजात शिकणारी तिची पुतणी, आणि दिवसभर फार्मसीच्या काउंटरवर उभी असणारी मी. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, आणि ज्याचं नाव हाती येईल त्याच्यासाठी पुढच्या भेटीपर्यंत यादी करायची. तुम्हाला असं काही सुरू करायचं असेल तर पाच-सहा माणसं पुरेत. सगळ्यांची आवड एकसारखी असेल तर मात्र मजा नाही. निदान दोघं तरी अशी हवीत की ज्यांच्या घरात तुमच्या घरापेक्षा वेगळं काही वाजत आलं आहे. गोव्यात ही माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.

आधी विचारा

चिठ्ठी निघाली की त्या माणसाला तीन गोष्टी विचारा.

लहानपणी घरात काय वाजायचं? कुणी पणजी आकाशवाणीवरची सकाळची भक्तिगीतं सांगेल, कुणी जत्रेच्या नाटकासाठी मांडवात चालणाऱ्या तालमी. रायच्या मित्राने कोंकणी गायिका लोर्नाचं नाव घेतलं आणि पाठोपाठ चर्चमधल्या कॉयरचं. यादी नेहमी या उत्तरापासून सुरू करायची.

कुठे ऐकणार? हे विचारायला लोक विसरतात. स्वयंपाकघरात मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या असतात, तिथे संथ आलापाचा जीव जातो. बसमध्ये जुन्या रेकॉर्डची खरखर आणि इंजिनाचा आवाज एक होऊन जातात. रात्री जेवणानंतर बाल्कावावर, घरापुढच्या बाकांवर, बसून ऐकणाऱ्याला मात्र तुम्ही काहीही देऊ शकता.

आणि कुठला आवाज नकोसा होतो? सरांना इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड सहन होत नाही, पुतणीला हार्मोनियम. पहिल्या यादीत हे पाळा. माणसाचा विश्वास बसला की दुसऱ्या-तिसऱ्या यादीत थोडी ढिलाई घेता येते.

तासाची मर्यादा

एक तास, त्याहून जास्त नाही. कॅसेटच्या काळात सी-साठ घेतली की एका बाजूला तीस मिनिटं, दुसऱ्या बाजूला तीस, आणि मध्ये कॅसेट उलटायला उठावंच लागायचं. त्या मर्यादेमुळे प्रत्येक गाण्याला आपली जागा कमवावी लागे. आता मर्यादा कुणी घालत नाही, म्हणून आपणच घालायची. फोंड्याहून पणजीला गर्दीच्या वेळी बसने तासभर सहज लागतो. आमचा कंडक्टर म्हणतो, चढल्यावर सुरू करून उतरताना संपेल इतकंच द्या. दहा-बारा गाणी होतात. त्यात पूर्ण अनोळखी कलाकार तीन, फार तर चार. बाकी ओळखीचे आणि अर्धवट ओळखीचे.

क्रम

खरं काम इथे आहे. अनोळखी कलाकार एकटा पुढे आला तर माणूस 'आपलं नाही' म्हणून पुढचं गाणं लावतो. तोच ओळखीच्या आवाजाशेजारी, त्या दोघांत सामाईक असलेली एखादी गोष्ट धरून आला, तर कान त्याला आत घेतो. सामाईक गोष्ट कुठलीही चालते: वाद्य, लय, गाव, गुरू, तान घेण्याची तऱ्हा. भाषा एक असलीच पाहिजे असं मुळीच नाही. पण ती गोष्ट कानाला ऐकू आली पाहिजे. 'दोघंही थोर आहेत' हा दुवा नव्हे.

सरांसाठी केलेली एक यादी सविस्तर सांगते. त्यांचा जीव नाट्यसंगीतात. म्हणून सुरुवात मास्टर दीनानाथांच्या पदाने, झपाट्याची तान असलेल्या. मग ज्योत्स्नाबाई भोळे. दीनानाथ मंगेशीचे, ज्योत्स्नाबाई बांदोड्याच्या, दोन्ही गावं आमच्याच फोंडा महालातली. पण गाण्यात केवढा फरक. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आलं तेव्हापासून ज्योत्स्नाबाईंनी रंगभूमीवर आणलेलं गाणं भावगीताच्या जवळचं, आटोपशीर, शब्द जपणारं. एकापाठोपाठ एक लावल्यावर हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. तिसऱ्या जागी १९६४ च्या 'मत्स्यगंधा'तलं रामदास कामतांचं पद, चाल जितेंद्र अभिषेकींची. इथपर्यंत सर आपल्या घरात होते.

मग मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर, दोघींच्या जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, रेकॉर्ड. ख्याल म्हटलं की काहींना पाऊण तासाची भीती वाटते. या रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे बंदिश, आलाप, ताना असा सगळा संसार त्या वेळेत मांडावा लागे. ख्याल न ऐकणाऱ्याला ख्याल ऐकवायचा तर याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. दोघीही उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकलेल्या, तरी केसरबाईंचा आवाज भरदार, अखंड दमाचा, आणि मोगूबाईंचं लक्ष लयीच्या बारकाव्यावर. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अवकाशात गेली. त्यांतलं व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ही हकिगत बहुतेकांना माहीत असते. गाणं मात्र फार थोड्यांनी नीट ऐकलेलं असतं, म्हणून मी ते यादीत घालायची संधी सोडत नाही.

सहावा तुकडा आमच्या वाड्यावरच्या चवथीतल्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, घुमट आरतीचा, मी स्वतः रेकॉर्ड केलेला. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं वाद्य. आणि इथून वळण. घुमट संपतं न संपतं तोच सातव्या गाण्यात परत घुमटच, पण या वेळी सोबत व्हायोलिन आणि दोन आवाजांत गाणारी माणसं: सासष्टीतला मांडो, गोव्याच्या ख्रिस्ती घरांतलं संथ कोंकणी गाणं. सरांनी आयुष्यभर मांडो 'त्यांचं गाणं' म्हणून दुरूनच ऐकला होता. घुमट ओळखीचं निघालं आणि ते थांबले. मांडोतली संथ हुरहूर कानात असतानाच गोव्याच्या सोनिया शिरसाट यांचा फादो, म्हणजे पोर्तुगालचं हुरहूर लावणारं गाणं. तिथून लिस्बनच्या आमालिया रॉड्रिग्ज. फादोत पोर्तुगीज गिटार असते, बारा तारांची, आवाजाला लखलखीत. गायिका ओळीच्या शेवटी स्वर धरून ठेवते आणि त्यावर बारीक हरकत घेते. नाट्यसंगीतावर वाढलेला कान ती हरकत लगेच टिपतो. आमालियांच्या मागून सेझारिया एव्होरा, केप व्हर्दे बेटांवरच्या मिंदेलो गावच्या. तिथेही पोर्तुगीज होते, आणि तिथल्या मोर्ना या गाण्यात दर्यापार गेलेल्या माणसांची आठवण पुन्हा पुन्हा येते. बोटीवर माणसं पाठवलेल्या गोव्याला हे निराळं सांगावं लागत नाही. शेवटी परत अभिषेकी, पण कोंकणीत. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर कोंकणी विभागात असताना त्यांनी कितीतरी कोंकणी गाण्यांना चाली दिल्या. तिसऱ्या जागी ज्यांची चाल वाजली तेच अकराव्या जागी दुसऱ्या भाषेत भेटले.

सेझारिया एव्होरा हे नाव सरांनी त्याआधी ऐकलंही नव्हतं. आता ते तिच्या रेकॉर्डिंगांबद्दल आम्हाला सांगतात.

दुसऱ्या माणसासाठी रस्ता अगदी वेगळा निघेल. पुतणीला जुनी हिंदी सिनेमाची गाणी आवडतात, विशेषतः त्यातला वाद्यमेळ. तिच्यासाठी दुवा सोपा होता, कारण मुंबईच्या त्या वाद्यवृंदांत गोंयकार भरलेले होते. शंकर-जयकिशनची गाणी बांधणारे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सी. रामचंद्रांकडे ट्रंपेट वाजवणारे हळदोण्याचे चिक चॉकलेट. सिनेमाच्या गाण्यातला ट्रंपेट तिला आवडतो, तर लगेच चिक चॉकलेटच्या स्वतःच्या बँडचं वादन, मग क्रिस पेरींचा बँड आणि लोर्नाचा आवाज, मग चिक चॉकलेट ज्यांना गुरुस्थानी मानत ते लुई आर्मस्ट्राँग. लोर्ना अनेक वर्षांच्या मौनानंतर १९९५ मध्ये परत रंगमंचावर आली, हे रायच्या मित्राकडून ऐकावं. तो सांगतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ॲपं आपोआप गाणी सुचवतात, त्यांचं काय, असं मला विचारतात. ती तुम्ही ऐकलं त्याच्यासारखंच आणखी देतात. घुमटावरून फादोवर जायचं तर त्या माणसाच्या घरची चवथ माहीत असावी लागते.

आवाजाची पातळी

जुनी रेकॉर्ड क्षीण आणि खरखरीत, लगेच पुढचं गाणं नव्या स्टुडिओतलं, कान फाटेल असं. ऐकणारा दचकतो आणि तुम्ही जोडलेला दुवा तुटतो. ऑडॅसिटी नावाचा मोफत प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घ्या आणि लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरून सगळ्या फायली एका पातळीवर आणा. खरखर पुरती काढायच्या फंदात पडू नका, तिच्यासोबत आवाजातली धारही जाते. त्यापेक्षा जुन्या दोन रेकॉर्ड शेजारी ठेवा. पहिलीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात कान सरावतो आणि दुसरी स्वच्छ वाटायला लागते. मोगूबाई-केसरबाईंना सलग ठेवण्याचं हेही एक कारण होतं.

पेन ड्राइव्ह देणार असाल तर तो फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा, गाड्यांतले बहुतेक स्टिरिओ तेच वाचतात. फाइलच्या नावाआधी इंग्रजी आकड्यांत क्रमांक घाला आणि फायली त्याच क्रमाने एकेक करून कॉपी करा, कारण काही स्टिरिओ नावाचा क्रम न बघता कॉपी झाल्याच्या क्रमाने वाजवतात. स्ट्रीमिंगवर यादी केलीत तर शफल बंद करायला निक्षून सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्डिंग पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून.

हक्कांचाही विचार करा. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डची प्रत देताना मनाला टोचत नाही. आज गाणाऱ्या कलाकारांची मात्र लिंकच द्यावी किंवा सीडी विकत घेऊन द्यावी. गोव्यातल्या गायकाची सीडी कार्यक्रमाच्या दारात मिळत असेल तर दोन घ्या.

एक तुकडा स्वतःचा

प्रत्येक यादीत एक तरी रेकॉर्डिंग तुमच्या हातचं असावं. दुकानात न मिळणारं, तुमच्या गावचं: आरती, जत्रेतलं भजन, बायकांच्या धालो नाचाची गाणी, आजीची ओवी. घुमट आरती रेकॉर्ड करण्याचं तेवढं सांगते, कारण तिथे फोन हमखास हरतो. खोलीत चार घुमटं, काठ्यांनी वाजवायचं शामेळ, कांसाळं म्हणजे झांजा, आणि पंधरा गळे असतात. फोन मधोमध धरलात तर शामेळाच्या काठीचा कडकडाट तेवढा उरतो आणि बाकी सगळं फाटतं. फोन खोलीबाहेर, ओसरीवर, दारापासून दोन-तीन हात अंतरावर एखाद्या स्टुलावर उशी ठेवून तिच्यावर ठेवा. आतला आवाज भिंतींवरून मिसळून बाहेर येतो आणि घुमटाचा तो खोल 'घूं' ऐकू येतो, जो घुमटाच्या उघड्या तोंडावर ठेवलेल्या हाताने वाजवणारा कमी-जास्त करत असतो. फोन विमान मोडवर टाका. आरती सुरू व्हायच्या आधी एक मिनिट चालू करा, कारण घुमटं शेकताना, हातांनी ठोकून बघताना होणारा आवाजही घेण्यासारखा आहे. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. घोरपडीला कायद्याने संरक्षण आहे, आता बकऱ्याचं लावतात, आणि जुने वाजवणारे दोन्हींचा फरक कानाने सांगतात. २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला.

गाणाऱ्यांना आधी विचारा, आणि रेकॉर्डिंग पहिल्यांदा त्यांना ऐकवा. आजीची ओवी असेल तर दुप्पट काळजीने.

चिठ्ठी

यादीसोबत एक कागद द्यायचा, हाताने लिहिलेला. प्रत्येक गाण्यावर एक-दोन ओळी. कलाकाराचं चरित्र नको, ते शोधून सापडतं. कान कुठे द्यायचा ते लिहा: 'मधल्या भागात गिटार एकटीच राहते तेव्हा पाठीमागे दुसरी गिटार काय करते ते बघा', 'दुसऱ्या वेळी मुखडा येतो तेव्हा तबल्याने जागा बदलली आहे'. हे लिहिता यायचं तर ते गाणं तुम्ही स्वतः चार वेळा लक्ष देऊन ऐकावं लागतं. ज्या गाण्याबद्दल एक ओळ सुचत नाही ते यादीतून काढा, कितीही लाडकं असलं तरी.

कागद पाकिटात घालून बंद करा आणि सांगा, पहिल्यांदा पाकीट न उघडता ऐका. नाव कळलं की माणूस नाव ऐकतो. 'फादो' शब्द आधी दिसला असता तर सरांनी ते गाणं 'पोर्तुगीज' म्हणून ऐकलं असतं.

ऐकणाऱ्याचं काम

यादी घेणं हेही काम आहे, आणि गट टिकतो तो त्यावर. पहिल्यांदा क्रमाने, एकही गाणं न गाळता ऐका. दुसऱ्यांदा पाकीट उघडून. मग यादी देणाऱ्याला तीन गोष्टी सांगा: कुठलं गाणं ठेवून घेतलं, कुठलं पटलं नाही आणि का, आणि कुठल्या कलाकाराच्या मागे गेलात. 'छान होतं सगळं' हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. कंडक्टर मित्राने एकदा मालीच्या अली फार्का तूरेंच्या गिटारीबद्दल सांगितलं की भजनात एकतारी जशी एका सुराला धरून असते तशी ती वाटते, पण गाणं फार लांबलं. त्या एका वाक्याने त्याच्या पुढच्या यादीचा अर्धा विचार झाला.

कलाकाराच्या मागे जायचं म्हणजे त्याची सगळी गाणी सलग लावायची नाहीत. एकच धागा धरा. गायिका आवडली तर तिचा गुरू कोण, शिष्य कोण: मोगूबाईंपासून त्यांची कन्या किशोरीताई आमोणकर. साथीला कोण ते वाचा आणि त्या तबलजीचं किंवा व्हायोलिनवाल्याचं दुसरं वादन शोधा. नाहीतर गाव धरा. मोगूबाईंचं कुर्डी साळावलीच्या धरणाखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावच्या खुणा वर येतात आणि तिथली माणसं पुन्हा जमतात. डिचोलीची मैत्रीण एका मे महिन्यात तिथे जाऊन आली आणि परत येऊन तिने मोगूबाईंच्या मिळतील तेवढ्या रेकॉर्ड ऐकल्या.

आणि शक्य तिथे समोर बसून ऐका. पणजीत कला अकादमीचा केसरबाई केरकर संगीत समारोह, कार्तिकात मडगावची दिंडी, जिथे रस्त्यावरच बैठका होतात आणि रात्र उलटेपर्यंत माणसं हलत नाहीत, श्रावणात वास्कोचा सप्ताह, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर, ठिकठिकाणची रवींद्र भवनं. गटातल्या ज्याने तो कलाकार यादीत घातला त्याला सोबत न्या. तिकीट लागत असेल तर ते यादी मिळालेल्याने काढायचं, असा आमचा रिवाज आहे.

कधी ना कधी त्याच माणसाची चिठ्ठी तुमच्या हाती पुन्हा येईल. चिठ्ठी बदलून घेऊ नका. दुसरी यादी पहिलीपेक्षा अवघड असते, पण तुमच्याकडे आता त्याचं उत्तर असतं. 'पटलं नाही' म्हणून सांगितलेलं गाणं बाजूला काढा आणि त्याच कलाकाराचं दुसरं, त्याने दिलेलं कारण लक्षात घेऊन निवडलेलं, यादीच्या मध्यावर ठेवा. अली फार्का तूरे कंडक्टरकडे परत गेले ते चार मिनिटांच्या गाण्यासह, मागेपुढे दोन अभंग लावून.